फायफॉक्स: कानाच्या प्रयोगांना पैकीच्या पैकी, डोळ्यासाठी अर्धवट

डोळा आणि कान यांच्या कामात नेमका फरक काय, हे वर्गात करून दाखवायचं असेल तर फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप जरूर घ्यावं. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने ते 2016 मध्ये आणलं. जाहिराती नाहीत, लॉगिनची भानगड नाही. फोनमधला माइक आणि इतर सेन्सर काय मोजतात ते सरळ आलेखात दिसतं. ध्वनीचा भाग मात्र जितका भक्कम, तितकाच प्रकाशाचा भाग लंगडा आहे.

सुरुवात टोन जनरेटरपासून, म्हणजे हव्या त्या कंप्रतेचा (सेकंदाला किती कंपनं, हर्ट्झमध्ये) सूर वाजवणाऱ्या भागापासून करा. एका फोनवर 440 हर्ट्झ लावा, दुसऱ्यावर 660. पहिल्याला सा धरलं तर दुसरा बरोबर पंचम. दोन्ही एकदम वाजले तरी कान ते सुटे ओळखतो. तिसऱ्या फोनवर ऑडिओ स्पेक्ट्रम (आवाजात कोणत्या कंप्रता आहेत याचा आलेख) उघडलं की दोन वेगळी शिखरं दिसतात. आता 660 चा फोन 444 वर आणा. एकच सूर सेकंदाला 4 वेळा चढताना-उतरताना ऐकू येतो. स्पेक्ट्रममध्ये शिखरं रुंद आणि बोथट दिसत असतील तर सेटिंग्जमध्ये सॅम्पल्सची संख्या वाढवा. सेकंदाला 48,000 नोंदी धरल्या तर 2048 सॅम्पल्सना सुमारे 23 हर्ट्झचा फरक कळतो, 16,384 ना 3 हर्ट्झचा. त्या बदल्यात आलेख सावकाश बदलतो.

हाच प्रयोग डोळ्यासाठी करायला अ‍ॅप लागतच नाही. फोनच्या स्क्रीनवर गडद पिवळा रंग भरा आणि वर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंबाखाली लाल आणि हिरवे ठिपके दिसतात. पिवळा ठिपका एकही नाही. सोडियम दिव्याचा पिवळा 589 नॅनोमीटरचा, खराखुरा. तरी डोळ्याला दोन्ही पिवळेच. डोळ्यात रंगासाठी तीनच प्रकारच्या शंकुपेशी आहेत आणि त्यांच्या संदेशांच्या प्रमाणावरून रंग ठरतो, म्हणून मिश्रणातले घटक हरवतात. कानातल्या शंखिकेत वेगवेगळी कंप्रता पडद्याच्या वेगवेगळ्या जागी जोर धरते आणि तिथे आतल्या रांगेत सुमारे 3500 केशपेशी बसलेल्या आहेत. आवाका पाहिला तरी तेच: कानाला 20 ते 20,000 हर्ट्झ, म्हणजे जवळपास 10 सप्तकं (कंप्रता दुप्पट झाली की एक सप्तक), डोळ्याला साधारण 400 ते 790 टेराहर्ट्झ, पुरतं एक सप्तकही नाही.

अ‍ॅपचा सर्वांत देखणा भाग म्हणजे अकूस्टिक स्टॉपवॉच. दोन फोन बरोबर 5 मीटर अंतरावर ठेवा आणि दोन्हींवर स्टॉपवॉच सुरू करा. पहिल्या फोनजवळच्याने टाळी वाजवायची, दोन्ही घड्याळं चालू होतात. थोड्या वेळाने दुसऱ्याजवळच्याने वाजवली की थांबतात. दोन्ही वेळांमधला फरक म्हणजे आवाजाला 10 मीटर जायला लागलेला वेळ. 25 अंश सेल्सिअसला तो 29 मिलिसेकंदांच्या आसपास यायला हवा. टाळी माइकच्या अगदी जवळ हवी. पंखा बंद करा, नाहीतर थ्रेशोल्ड (किती मोठ्या आवाजाला घड्याळाने दाद द्यायची ती पातळी) वाढवावा लागतो. घड्याळ लगेच थांबत असेल तर टाळीचाच घुमारा पकडला जातोय. किमान विलंब (घड्याळ चालू झाल्यावर किती वेळ थांबू नये तो आकडा) वाढवा. ब्लूटूथ हेडसेट जोडलेला असेल तर आधी काढा.

टोन जनरेटरची मर्यादा फोनच्या स्पीकरची आहे: 200 हर्ट्झच्या खाली बहुतेक स्पीकर दमच धरत नाहीत, तिथे हेडफोन घ्यावा. 15,000 हर्ट्झ मुलांना ऐकू येतं, पन्नाशीच्या पुढच्या बऱ्याच जणांना नाही. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत नेऊ नये. सूर जाणवला नाही तरी कानावर दाब पडतोच. ऑडिओ अ‍ॅम्प्लिट्यूड या आवाजाची पातळी मोजणाऱ्या प्रयोगातले डेसिबल कॅलिब्रेट केल्याशिवाय (खात्रीच्या मापकाशी जुळवल्याशिवाय) खरे मानू नका, फक्त फरक वाचा.

आता प्रकाश. लाइट हा प्रयोग अँड्रॉइडवर चालतो. आयफोनचा प्रकाश-सेन्सर अ‍ॅपना वापरता येत नाही. अंधाऱ्या खोलीत एकच छोटा एलईडी ठेवून अंतर 20 सेंटिमीटरवरून 40 केलं तर लक्सचा (उजेड मोजायच्या एककाचा) आकडा जवळपास चौथाईवर येतो. डोळ्याला उजेड इतका उतरल्यासारखा मुळीच वाटत नाही. आवाजाचंही असंच: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल उतरतात, पण आवाज निम्मा वाटायला साधारण 10 उतरावे लागतात. भिंती पांढऱ्या असतील तर परावर्तित उजेडामुळे आकडा चौथाईच्या वरच राहतो. मागे काळं कापड लावा.

खरी अडचण वेगाची आहे. दिव्याची 100 हर्ट्झची लुकलुक दाखवावी असं कुणालाही वाटेल, पण बहुतेक फोनचा प्रकाश-सेन्सर सेकंदाला मोजक्याच नोंदी देतो आणि आलेख सपाट येतो. त्यासाठी कॅमेऱ्याचं स्लो मोशन किंवा दिव्याखाली झपाझप हलवलेली पेन्सिल बरी: दिवा लुकलुकत असेल तर पेन्सिलीच्या तुटक प्रतिमा दिसतात.

वर्गात फोन फिरवत बसू नका. मेनूतलं रिमोट अ‍ॅक्सेस चालू करून दिसणारा पत्ता लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाकला की आलेख थेट प्रोजेक्टरवर जातो. फोन आणि लॅपटॉप एकाच वाय-फायवर हवेत. नसेल तर फोनचा हॉटस्पॉट चालतो.