फोल्डस्कोप: सहावी ते आठवीच्या वर्गात वापरून लिहिलेला अभिप्राय

शाळेला सूक्ष्मदर्शकासाठी पैसे मिळाले असतील, तर एक मोठा घेऊन कपाटात ठेवण्याऐवजी फोल्डस्कोपचा, म्हणजे घडीच्या कागदी सूक्ष्मदर्शकाचा, वर्गसंच घ्या. मी जुन्नर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवते. शाळेत आधीपासून एक संयुक्त, म्हणजे एकापेक्षा जास्त भिंगांचा मोठा सूक्ष्मदर्शक आहे, आणि गावाने लोकवर्गणी काढून दिली तेव्हापासून फोल्डस्कोपही आहेत. दोन्ही वापरते, त्यामुळे तुलना करता येते. बरेच शिक्षक विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी मोठ्या सूक्ष्मदर्शकाच्या तासाला वर्गात काय होतं ते पाहू. बाई नमुना लावतात, आरसा फिरवतात, फोकस जुळवतात. मग रांग लागते. एकेक जण येतो, डोळा लावतो, मागचा ढकलतो. "दिसलं का?" "हो बाई." पुढचा. या "हो बाई"मधल्या अनेकांना स्वतःच्या पापण्या दिसलेल्या असतात, काहींना हवेचा बुडबुडा, आणि काहींना काहीच नाही. पण मागे रांग असताना तसं सांगायचं धाडस कुणाला होत नाही. मग सगळे जागेवर बसून पुस्तकातली पेशीची आकृती वहीत उतरवतात. ती आकृती सुबक येते, बरोबरही असते, पण त्या मुलाने पाहिलेली नसते. सातवीच्या पुस्तकात पेशीरचना आणि सूक्ष्मजीव हा धडा आहे. तो अशा रांगेत शिकवायचा आणि पुढे जायचं, हे माझ्या मनाला कधीच पटलं नाही.

फोल्डस्कोप म्हणजे घड्या घालून बनवायचा कागदी सूक्ष्मदर्शक. मूळचे मेरठचे, आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले मनू प्रकाश यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जिम सायबुल्स्की यांच्यासोबत तो तयार केला. त्यावरचा शोधनिबंध २०१४ साली आला. सुटे भाग एका डॉलरपेक्षा कमी खर्चात व्हावेत, असा त्यांचा हिशोब होता. बाजारात तो त्या भावाला मिळत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर मुख्याध्यापक तोच आकडा धरून बसतात. कागद साधा नाही. तो पाण्याने भिजत नाही आणि सहजासहजी फाटत नाही. वजन दहा ग्रॅमच्याही आत. सगळं काम एका इवल्याशा काचेच्या गोल भिंगावर चालतं, आणि वर्धन साधारण १४० पट मिळतं.

एवढ्याशा काचेतून एवढं मोठं कसं दिसतं, हा प्रश्न मुलं विचारतातच. गोळी जितकी लहान, तितका तिचा पृष्ठभाग जास्त वक्र. प्रकाश जास्त वाकतो, नाभीय अंतर (भिंगापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं अंतर) कमी होतं आणि वर्धन वाढतं. म्हणूनच नमुना भिंगाला जवळजवळ चिकटून हवा आणि डोळाही. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापड व्यापारी लेव्हेनहुक यानेही सतराव्या शतकात असंच एकच बारीक भिंग धातूच्या पट्टीत बसवून तळ्याच्या पाण्यातले जीव पाहिले होते. तो शाळा-कॉलेजात शिकलेला शास्त्रज्ञ नव्हता. हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलं जरा सरसावून बसतात.

जोडणीला दोन तास राखून ठेवा, आणि कृपा करून मुलांना जोडून देऊ नका. तुकडे रेषेवरून सुटे करायचे, घड्या घालायच्या, रंग जुळवत पट्ट्या एकमेकांत सरकवायच्या, शेवटी भिंग आणि चुंबकं बसवायची. कागदावर चित्रं आहेत, त्यामुळे भाषा अडत नाही. हस्तकलेत तरबेज असलेली, एरवी विज्ञानात गप्प बसणारी मुलं इथे पुढे येतात. आमच्याकडे मुलीच आधी जोडून मोकळ्या होतात आणि शेजाऱ्याचं जोडायला लागतात. जोडताना भिंग कुठे बसतं, कागद ओढला की ते नमुन्याच्या जवळ-लांब कसं जातं, हे हाताला कळतं. पुढे काही दिसेनासं झालं की तेच मूल स्वतः उघडून पाहतं. "बाई, बिघडलं" ही हाक कमी होते.

पाहायला शिकायला मात्र वेळ लागतो. भिंग डोळ्याच्या इतकं जवळ धरायचं की पापण्या कागदाला टेकाव्यात. तोंड खिडकीकडे किंवा उजेड पडलेल्या भिंतीकडे. सूर्याकडे कधीच नाही. ही ताकीद मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवते आणि दर तासाला म्हणूनही घेते. दुसरा डोळा मिटायची सवय लागू देऊ नका, दोन्ही उघडे ठेवले की डोळा दमत नाही. मग दोन्ही अंगठ्यांनी कागद किंचित ओढायचा, किंचित ढकलायचा. पहिल्या तासाला निम्म्या वर्गाला धूसर दिसतं. घाई करू नका.

पहिला नमुना कांद्याचा. आतल्या पाकळीचा पातळ पापुद्रा नखाने सोडवायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, वर जखमेला लावायच्या आयोडीनचा एक थेंब. पापुद्र्याला चुणी पडू द्यायची नाही. विटा रचल्यासारख्या लांबट पेशी दिसतात आणि प्रत्येकीत गडद ठिपका, म्हणजे केंद्रक. ही पेशी पाव मिलिमीटरच्या आसपास लांब असते, त्यामुळे १४० पट वर्धन तिला भरपूर झालं. इथे मी एक जोड देते: पापुद्र्यावर डोक्याचा एक केस आडवा ठेवायला लावते. केसाची जाडी ढोबळमानाने ५० ते १०० मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पेशीच्या लांबीत किती केस मावतील, हे मुलं अंदाजाने मोजतात. मायक्रॉन हा शब्द नुसता पाठ करण्यापेक्षा असा मोजला की गणिताच्या तासालाही लक्षात राहतो.

यानंतर काय पाहायचं ते मी सांगत नाही. जास्वंदीचे आणि भोपळ्याच्या फुलाचे परागकण काटेरी गोळ्यांसारखे दिसतात आणि मोठे असल्याने कुणालाही सापडतात. फुलपाखराच्या पंखाची पूड, शिळ्या भाकरीवरची बुरशी, डबक्यातलं पाणी. डबक्यात सायक्लॉप्स हमखास निघतो, एका डोळ्याचा, झटके देत पोहणारा. तो दिसला की नारूची, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून होणाऱ्या जंताच्या रोगाची गोष्ट निघते. पूर्वी विहिरीचं पाणी फडक्याने गाळून का प्यायचे, हे घरी आजीला विचारून यायला सांगते. नारूचा जंतू याच सायक्लॉप्सच्या पोटातून माणसात यायचा, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. आज्या फार छान सांगतात.

आमच्याकडे खरी मजा आणली ती कांद्याच्या पातीने. इथल्या बहुतेक मुलांच्या घरी रब्बीचा कांदा असतो. जानेवारी-फेब्रुवारीत घरोघरी एकच विषय: थ्रिप्स ही कीड आणि करपा हा बुरशीचा रोग. फोल्डस्कोप घरी न्यायची परवानगी दिली, आणि मुलं पात घेऊन यायला लागली. थ्रिप्स म्हणजे फुलकिडा, जेमतेम एक मिलिमीटरचा. पोंग्यात, पाती जिथून फुटतात तिथे दडून बसतो. तोंडाने पात खरवडतो आणि रस शोषतो, म्हणून पांढरट चट्टे पडतात. नुसत्या डोळ्यांना तो पिवळसर रेघेएवढाच वाटतो. चिकटपट्टीवर उचलून पाहिला की सहा पाय, शिंगं आणि पंखांच्या कडेची केसांची झालर दिसते. ती झालर पाहून एक मुलगा वर्गात उभाच राहिला. रोज ज्याला शिव्या ऐकतो, तो असा दिसतो हे त्याला माहीतच नव्हतं.

एक मुलगी मात्र वेगळंच घेऊन आली. "बाई, आमच्या पातीवर डाग आहेत, पण पोंग्यात किडा नाही." डाग जांभळट होता, मधे काळपट. आम्ही त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबली आणि ती काचपट्टीवर चिकटवली. लांबट बीजाणू, म्हणजे बुरशी ज्यांतून पसरते ते बारीक कण दिसले, एका टोकाला निमुळती शेपटी, अंगात आडव्या भिंती. जांभळ्या करप्याच्या बुरशीचे बीजाणू असेच असतात. घरी तिचे वडील थ्रिप्सचं औषध मारायच्या बेतात होते. किड्याचं औषध बुरशीला लागू पडत नाही, हे पुस्तकात आहेच. पण तिने तो फरक स्वतःच्या वाफ्यात ओळखला. मी तिला एवढंच सांगितलं, की आपण पाहिलं हा अंदाज आहे. पात नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा आणि मगच फवारा. दोन दिवसांनी वडील शाळेत आले. म्हणाले, "बाई, ही पोरगी आता विचारल्याशिवाय पंप उचलू देत नाही." मला त्यांचा चेहरा पाहून फार बरं वाटलं.

ही पात रांगेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली कधी आली नसती. तिथे नमुना बाईंचा असतो, इथे मुलाचा. फोल्डस्कोपची किंमत मी यात मोजते, वर्धनात नाही.

हा विचार फोल्डस्कोपबरोबर आलेला नाही. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला. मुलं चार-चारच्या टोळीत बसून स्वतः प्रयोग करायची, निरीक्षणं मांडायची आणि त्यावर वर्गात चर्चा व्हायची. पुढे तो अनेक जिल्ह्यांत पसरला आणि २००२ मध्ये सरकारने बंद केला. साध्या खेड्यातल्या शाळेत, साध्या साहित्यात हे होऊ शकतं, हे त्या तीस वर्षांत दिसून गेलं आहे. आपल्याकडे आजही "साहित्य नाही" म्हणून प्रयोग फळ्यावर काढून दाखवतात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता मर्यादा. दह्यातले जिवाणू दाखवायला हे साधन घेऊ नका. दोन मायक्रॉनच्या आसपासचं त्याला जेमतेम वेगळं दिसतं, आणि लॅक्टोबॅसिलाय त्याहूनही बारीक. त्यासाठी संयुक्त सूक्ष्मदर्शकाचं ४० किंवा ४५ पटीचं वस्तुभिंग (नमुन्याजवळचं भिंग) लागतं, म्हणजे एकूण वर्धन चारशे किंवा त्याहून जास्त. आठवीला सूक्ष्मजीव शिकवताना मी आजही मोठा सूक्ष्मदर्शकच बाहेर काढते. दृश्यक्षेत्र लहान असल्याने पळणारा जीव हातचा निसटतो. पाण्यात कापसाचे दोन-चार धागे टाकले की तो अडकून राहतो. हात थरथरले की चित्र हलतं, त्यामुळे चौथीच्या खालच्या मुलांना ते जड जातं. शिवाय त्यातली चुंबकं बारीक आहेत, लहान भावंडांच्या तोंडात जाऊ नयेत म्हणून घरी देताना पालकांना स्पष्ट सांगा. आणि रक्ताचे नमुने वर्गात नकोत. उत्साहात बोटाला सुई टोचायची कल्पना मुलांकडूनच येते, ती तिथेच थांबवा.

मोबाइल चुंबकाने जोडून फोटो काढता येतो. आमच्या वर्गातल्या टीव्हीवर तो दाखवला की सगळे मिळून चर्चा करतात. पण सुरुवातीला मोबाइल लावू नका. एकदा पडद्यावर दिसलं की मुलं स्वतःच्या डोळ्याने शोधायचा कंटाळा करतात. मी आधी वहीत पेन्सिलीने काढायला लावते: पुस्तकात आहे तसं नाही, दिसलं तसं. बुडबुडा दिसला तर बुडबुडा काढ. त्या वह्या तपासायला मला सगळ्यात जास्त आवडतं.

घ्यायचं झालं तर एकेक सुटा न घेता वर्गासाठीचा वीसचा संच घ्या, नगामागे पुष्कळ स्वस्त पडतो. दोघांत एक पुरतो: एक पाहतो, एक काढतो, मग अदलाबदल. काचपट्ट्या, झाकणपट्ट्या आणि रुंद पारदर्शक चिकटपट्टी जास्तीची आणून ठेवा, ती आधी संपते. प्रत्येक फोल्डस्कोपवर मुलाचं नाव लिहा आणि घरी न्यायची नोंदवही मुलांनाच ठेवू द्या. पावसाळ्यात जाड पाकिटात, कोरड्या डब्यात ठेवा. भिंगावर बोटाचा ठसा उमटला तर मऊ सुती कापडाने हलक्या हाताने पुसा. आणि मागवायचा असेल तर जूनच्या आधी मागवा, म्हणजे पहिल्या पावसाची डबकी भरेपर्यंत मुलांचे हात बसलेले असतील.