रुचिरा: जुनी प्रत की कोरी?
भाचीने नौपाड्यात बिऱ्हाड थाटलंय. 'रुचिरा' हे पाककृतींचं पुस्तक हवंय, पण रद्दीवाल्याकडची जुनी प्रत घ्यावी की दुकानातली कोरी, यावर घोडं अडलंय. किमतीत जुनी स्वस्तच. टिकण्यात मात्र कोरी सरस. ठाण्याच्या पावसाळ्यात पिवळ्या कागदाला कसर लवकर लागते, शिवणही उसवलेली असते. कमलाबाई ओगल्यांची १९७० पासूनची वाटी-चमच्याची मापं दोन्हीकडे आहेतच. पण माझ्या जुन्या प्रतीत अनारशांच्या पानावर तुपाचा डाग आहे आणि कडेला कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, 'गूळ जरा कमीच'. ते ऐकलं आणि अनारसे तळणीत हसायचे, म्हणजे फुटून विरघळायचे, थांबले!

रोज ओट्यावर उघडं ठेवणार असशील तर कोरी घे. सणासुदीला काढून वाचायची हौस असेल तर जुनी. फक्त घेण्याआधी पानं तपास, शेवटची बरेचदा गायब असतात.