लाकडी पांगुळगाडा: सात महिने वापरल्यावर

सावंतवाडीच्या चितारआळीतून साडेसातशे रुपयांना आणलेला तीनचाकी पांगुळगाडा. बिनरंगाचा मुद्दाम मागून घेतला, कारण आमच्याकडे हाताला लागेल ते आधी तोंडात जातं.

गाडा आला तेव्हा नात बावीस महिन्यांची होती. तिला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जादा. त्यामुळे स्नायू जन्मापासून ढिले, सांधे सैल. कडेवर घेतली की सैल भिजवलेल्या कणकेसारखी ओघळायची. बसायला लागली अकराव्या महिन्यात. ही मुलं साधारण दोन वर्षांच्या आसपास चालतात, कुणी थोडं आधी, कुणी तिसरं वर्ष ओलांडून. मला हे तोंडपाठ झालंय, शेजारणीला नाही. "चेडू अजून चालूक लागलां नाय?" हे दर बाजाराच्या दिवशी ठरलेलं.

त्याआधी कुणीतरी हौसेने दिलेला प्लास्टिकचा गोल वॉकर होता, मधल्या झोळीत बसवायचा तो. फिजिओथेरपीच्या ताईंनी तो पहिल्याच दिवशी माळ्यावर टाकायला लावला. "आजी, त्यात ती बसून बोटांनी ढकलते. स्वतःचं वजन पेलायला कधी शिकणार?" कॅनडात 2004 पासून असल्या वॉकरच्या विक्रीवरच बंदी आहे, हेही त्यांनीच सांगितलं. पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं राहतं. पण धरून उभं राहता येत नसेल तर घाई करू नका. आम्हीसुद्धा ताईंनी हो म्हटल्यावरच आणला.

आता तक्रार. मंगलोरी कौलांच्या, शेणाने सारवलेल्या घरांसाठी ही वस्तू घडली. आमच्या गुळगुळीत फरशीवर पहिल्याच संध्याकाळी गाडा पुढे सुटला, नात मागे राहिली आणि ओठ फुटला. सुनेने माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चाकांना चिकटवल्या आणि खालच्या दांडीला दोन किलो वाळूची पिशवी बांधली. मग गाडा जड झाला, रेटावा लागला, आणि ताईंना तेच हवं होतं. दांडी तिच्या छातीच्या जरा खाली येते, कोपर किंचित वाकतं, ते बरोबर आहे. आडव्या पट्टीला कुसं होती, ती पॉलिश पेपरने घासली.

पाय फाकवून, गुडघे ताठ करून ढकलायची तिची सवय मोडायला वेळ लागला. टाचेला घट्ट धरणारे बूट घातल्यावर फरक पडला. सत्ताविसाव्या महिन्यात देवघरापासून मोरीपर्यंत एकटी, मोकळ्या हाताने गेली.

मला मात्र त्याच्या आधीचा एक दिवस जास्त आठवतो. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याला गाड्याचं पुढचं चाक रोज अडायचं. पहिला आठवडा ती रडली. पुढे रडणं थांबलं, ती खाली बसून चाकाकडे पाहायची. मी मुद्दाम हात लावत नसे, मास्तरीणबाईंची जुनी खोड. एका दुपारी तिने दांडी दोन्ही हातांनी खाली दाबली, पुढचं चाक उचललं गेलं आणि गाडा आत. मग वळून माझ्याकडे बघितलं. तिला सांगितलेलं सगळं कळतं, बोलायला मात्र शब्द मागे राहतात; कळणं पुढे आणि बोलणं मागे, हे या मुलांमध्ये फार दिसतं. म्हणून आम्ही खुणाही शिकवल्या आहेत. त्या दिवशी तिने दोन्ही मुठी पुढे ढकलून "गाडी"ची खूण केली आणि तोंडाने "गाई" म्हणाली. गोठ्यातली गाय म्हणाली की गाडी, यावर घरात अजून वाद आहे.

स्वयंपाकघर मोकळं झाल्यापासून पातेल्यांचा कप्पा रोज रिकामा होतो. डाव कपाटाखाली गेला तर दुसऱ्या बाजूने जाऊन शोधते.

पाचपैकी चार. एक गुण ओठाचा कापला. सध्या गाड्यावर दोन नारळ ठेवून ती अंगणात फेऱ्या मारते आणि तुळशीजवळ थांबून एक नारळ शेजारणीला देते. मागून परत घेते.