पांढरी दाढी रंगवायची तर काय वापरावं?

दाढीत पांढरे केस दिसायला लागले की बहुतेक जण डोक्याला लावतात तोच कलप उरलासुरला दाढीलाही लावून टाकतात. पण इथे निवड केसांकडे बघून करायची नसते, त्यांच्याखालच्या कातडीकडे बघून करायची असते. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख या संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन हे औषध शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून ते किती आत शिरतं ते मोजलं. मनगट आणि कोपर यांच्यामधल्या कातडीतून जेवढं शिरलं त्याला १ धरलं, तर डोक्याच्या कातडीसाठी आकडा आला ३.५ आणि जबड्याच्या कोपऱ्यासाठी १३. कलपातली रसायनं वेगळी, त्यामुळे हे आकडे त्यांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तरी ‘डोक्याला इतकी वर्षं चाललं, मग दाढीला का चालणार नाही?’ या प्रश्नाचं उत्तर त्यात बऱ्यापैकी आहे.

दुसरा मुद्दा वाढीचा. दाढीचा केस दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढतो. डोक्यावरच्या लांब केसांत मुळं पांढरी दिसायला लागली तरी भांग बदलून आणखी काही दिवस निभावतं. अर्धा सेंटिमीटर दाढी ठेवणाऱ्याच्या गालावर मात्र आठवड्यात तळाशी दोन मिलिमीटरचा पांढरा थर येतो, आणि ट्रिमर फिरवला की नेमका वरचा रंगलेला भाग कापला जातो. म्हणजे ‘पर्मनंट’ कलप आखूड दाढीत पर्मनंट राहतच नाही. तो पुन्हा पुन्हा लावावा लागतो आणि दर वेळी तेच रसायन त्याच नाजूक कातडीला लागतं. म्हणून पर्यायांची तुलना करताना ‘रंग किती टिकतो’ यापेक्षा ‘वर्षभरात कातडीला काय आणि किती वेळा लागणार’ हे मी आधी बघतो.

पर्मनंट कलप

झाकण्याच्या बाबतीत याला तोड नाही. यात दोन भाग एकत्र करावे लागतात. अमोनिया किंवा त्याच्या जागी घातलेलं मोनोइथेनॉलअमाइन केसाचं बाहेरचं कवच फुगवतं, रंगाचे लहान, बिनरंगी रेणू आत जातात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे तिथेच एकमेकांना जोडले जाऊन मोठे, गडद रेणू तयार होतात. ते मग बाहेर पडत नाहीत. पांढरा, राठ केस सहजी रंग धरत नाही. त्यावर ही पद्धत चालते.

किंमत मोजावी लागते ती ॲलर्जीच्या रूपाने. गडद छटांमध्ये बहुतेक वेळा पॅरा-फेनिलीनडायअमीन असतं, ज्याला सगळे पीपीडी म्हणतात. युरोपीय संघात डोक्याच्या कलपात, मिश्रण केल्यावर, त्याचं प्रमाण जास्तीत जास्त २ टक्के ठेवायची मुभा आहे. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचाविकारांच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २००६ चा ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ म्हणून पीपीडीचीच निवड केली होती. ही ॲलर्जी लगेच दिसत नाही. रविवारी कलप लावला तर सोमवार-मंगळवारी खाज सुटते, मग लाली, पाणी भरलेल्या बारीक पुळ्या, आणि कधी कधी पापण्या इतक्या सुजतात की डोळे उघडत नाहीत. दहा वर्षं काही झालं नाही म्हणून अकराव्या वर्षी होणार नाही, असंही नाही. शरीर एकदा का पीपीडीला बिथरलं, की सहसा ते कायमचं.

ज्यांनी कधी झटपट काळी होणारी मेंदी अंगावर काढून घेतली असेल त्यांनी इथे विशेष जपावं. त्या काळ्या मेंदीत बऱ्याचदा पीपीडीच मिसळलेलं असतं, तेही बेहिशेबी प्रमाणात, आणि ॲलर्जीची सुरुवात तिथेच झालेली असू शकते. बेन्झोकेनसारखं बधिर करणारं मलम किंवा काळं रबर ज्यांना सोसत नाही, त्यांचंही पीपीडीशी पटेलच असं नाही.

‘अमोनिया-फ्री’ या शब्दांनी फार लोक फसतात. अमोनिया काढला की उग्र वास जातो, डोळे चुरचुरत नाहीत. पण पीपीडी तसंच राहिलेलं असू शकतं. ‘पीपीडी-फ्री’ लिहिलेल्या खोक्यात त्याच्याऐवजी टोल्युइन-२,५-डायअमीन असण्याची शक्यता असते. पीपीडीची ॲलर्जी असलेल्यांपैकी काहींना ते चालतं, बऱ्याच जणांना तेही चालत नाही. खोक्याच्या दर्शनी बाजूपेक्षा मागची बारीक अक्षरं महत्त्वाची.

कॅन्सरची भीतीही अनेकांच्या मनात असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हा विषय तपासून २०१० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्यांना कामामुळे होणारा संपर्क त्यात ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात आहे. स्वतःपुरता कलप लावणाऱ्यांबाबत मात्र वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष आहे. मला तरी ॲलर्जीचा धोका जास्त जवळचा आणि जास्त खरा वाटतो.

धुऊन जाणारा, म्हणजे सेमी-पर्मनंट रंग

यात पेरॉक्साइड नसतं. तयार रंगाचे रेणू केसाच्या बाहेरच्या थरांत बसतात आणि धुता धुता निघून जातात. तोंड आपण दिवसातून दोनतीनदा धुतो, त्यामुळे दाढीवर तो डोक्यापेक्षा लवकर फिका होतो. पांढरे केस थोडेच असतील तर याचा परिणाम मला सगळ्यात आवडतो: पांढरा केस काळा होत नाही, करडा-तपकिरी होऊन बाकीच्यांत मिसळतो, आणि उतरतानाही ठळक रेघ न दिसता हळूहळू उतरतो. हनुवटी पूर्ण पांढरी झालेली असेल तर मात्र फारशी आशा ठेवू नये.

एक साधी खूण लक्षात ठेवा. दोन ट्यूब किंवा दोन बाटल्या एकत्र करायला लावत असतील, तर वर काहीही लिहिलेलं असो, तो पेरॉक्साइडचा कलप आहे. याची उलट बाजू मात्र खरी नाही: नुसत्या पाण्यात कालवायच्या कलपाच्या पावडरीतही पीपीडी असू शकतं. आणि पेरॉक्साइड नाही म्हणून ॲलर्जी होणारच नाही असंही नाही, तेव्हा आधी थोडा रंग कातडीवर लावून बघायची चाचणी (ती कशी करायची ते शेवटी दिलंय) इथेही हवीच.

मेंदी आणि नीळ

शुद्ध मेंदीत लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ते पांढऱ्या केसावर नारिंगी-तांबूसच चढतं, दुसरा रंग ते देऊच शकत नाही. काळपट छटा हवी तर मेंदीनंतर निळीच्या पानांची पावडर लावावी लागते. सुरुवातीला हिरवट झाक दिसते, रंग बसायला एकदोन दिवस जातात. तोंडावर तासन्‌तास लगदा लावून बसण्याची तयारी हवी, आणि खालची कातडीही रंगते ती वेगळीच. तरीही ज्यांना पीपीडी चालत नाही आणि टिकणारा रंग हवा आहे, त्यांच्यासाठी चाचणी करून हा विचार करण्याजोगा मार्ग आहे. अर्ध्या तासात काळीभोर करणारी पुडी मात्र, तिच्यावर कितीही हिरवी पानं छापलेली असली, तरी नुसती मेंदी नव्हे. आणि जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्यांनी मेंदीही टाळावी. तिच्यामुळे तांबड्या पेशी फुटू शकतात.

वरवरचा रंग

टिंटेड बाम, रंगीत वॅक्स, मस्कारासारखा ब्रश. यांत मुख्यतः आयर्न ऑक्साइडसारखी रंगद्रव्यं मेणात किंवा जेलमध्ये घोटलेली असतात. ती केसावर बसतात, आत शिरत नाहीत, रात्री फेसवॉशने निघतात. घाम आला, पावसात भिजलं, कोणाला मिठी मारली, तर डाग पडतो. तरीही पहिल्यांदाच रंगवणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं मी आग्रहाने सांगेन, कारण आपल्या चेहऱ्याला गडद दाढी शोभते की नाही हे एका संध्याकाळीत कळतं आणि पटलं नाही तर धुऊन मोकळं होता येतं. लावताना आधी केसांच्या उलट दिशेने ब्रश हलका फिरवावा, म्हणजे खालची बाजूही रंगते, मग सुलट फिरवून केस बसवावेत. दोन मिनिटं वाळू द्यावं आणि टिश्यूपेपर नुसता दाबून उचलावा, घासू नये. जास्तीचा रंग कॉलरऐवजी कागदावर उतरतो.

हळूहळू काळं करणारी द्रावणं

रोज लावली की काही आठवड्यांत केस गडद करणारी ही द्रावणं दाढीसाठी सरळ बाद धरा. जुन्या प्रकारांत लेड ॲसिटेट, म्हणजे शिशाचा क्षार असे. अमेरिकेत १९८० पासून त्याला परवानगी होती, तीही फक्त डोक्याच्या केसांपुरती, आणि मिशांना लावू नये अशी सूचना बाटलीवर छापावी लागे. २०१८ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ती परवानगीच मागे घेण्याचा निर्णय दिला. त्याच्या जागी आलेल्या बिस्मथ सायट्रेटलाही तिथे डोक्यापुरतीच मुभा आहे. अशी द्रावणं वापरलेल्या केसावर पेरॉक्साइडचा कलप लावला, तर धातूच्या क्षारांशी त्याची क्रिया होऊन केस तापू आणि तुटू शकतात.

मग कोणी काय निवडावं?

तुरळक पांढरे केस असतील किंवा अधूनमधून एखाद्या प्रसंगापुरतंच रंगवायचं असेल, तर वरवरचा रंग पुरतो. काळेपांढरे मिसळलेले असतील आणि रोज ब्रश घेऊन बसायचा कंटाळा असेल, तर सेमी-पर्मनंट. बरीचशी दाढी पांढरी आहे, ती लांब आहे, चाचणी निर्धोक झाली आहे, तर पर्मनंट कलप निवडायला हरकत नाही. लांब दाढीत तो रोज कापला जात नाही, आणि पुढच्या खेपेला फक्त मुळांना लावून भागतं. आखूड, पांढरी दाढी आणि चटकन लाल होणारी कातडी असा योग असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: पर्मनंट नको. दाढी आणखी बारीक ठेवा किंवा तशीच राहू द्या. गालावर इसब, कोंडा किंवा चिघळलेल्या पुळ्या असतील, तर त्या बऱ्या होईपर्यंत काहीच लावू नका.

चाचणी ४८ तास आधी, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, खोक्यातल्या सूचनेप्रमाणे. ब्रँड तोच असला तरी दर वेळी. दाढीची कड वस्तऱ्याने नुकतीच आखली असेल तर एकदोन दिवस थांबा. केस तिथे नाहीत अशा कडेच्या कातडीवर व्हॅसलिनचा पातळ थर द्या, हातमोजे घाला, मिश्रण प्लास्टिकच्या वाटीत करा. छटा डोक्याच्या केसांपेक्षा एक पायरी फिकी घ्या, कारण नैसर्गिक दाढी बहुतेकांची थोडी फिकीच असते आणि गडद काळा रंग चेहऱ्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. आधी हनुवटी, शेवटी कल्ले. वेळ घड्याळ लावून मोजा. उरलेलं मिश्रण झाकण लावून ठेवू नका, ते फुगून डबी फुटू शकते, फेकून द्या. पुड्या आणि बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवा, कारण पीपीडी पोटात गेलं तर घसा सुजून श्वास अडकतो आणि मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत मजल जाते.

लावताना आग व्हायला लागली तर ‘आणखी पाच मिनिटं’ असा विचार न करता लगेच भरपूर कोमट पाण्याने धुवा. नंतरच्या दोनतीन दिवसांत खाज किंवा पुरळ आलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ओठ, पापण्या सुजल्या किंवा श्वास लागला तर थेट इस्पितळ गाठा. कलपाचं खोकं टाकून न देता सोबत न्या. त्यावरच्या घटकांच्या यादीवरूनच डॉक्टरांना पुढची पॅच टेस्ट नेमकी कशाची करायची ते ठरवता येतं.