वॉकर, प्लेपेन की सरळ जमीन? बाळ रांगायला लागलं की काय घ्यावं

बाळ सात-आठ महिन्यांचं झालं की हा विषय निघतोच. कोणीतरी वॉकर गिफ्ट देतं, कोणी म्हणतं आमची सगळी वॉकरमध्येच चालायला शिकली, काय झालं त्यांना? आणि आपण अर्धवट झोपेत रिव्ह्यू वाचत बसतो. मी तिन्ही प्रकार करून बघितलेत आणि आधीच सांगते, मी वॉकरच्या बाजूची नाहीये.

वॉकरमध्ये बसलं की बाळाचा हात जास्त उंचावर पोचतो आणि स्पीड तर विचारूच नका, एका सेकंदात तीन फुटांहून जास्त अंतर जाऊ शकतं, अक्कल मात्र तेवढीच असते. आमच्याकडे टेबलक्लॉथचं टोक लोंबत होतं. बाळाने पायाच्या बोटांनी जमिनीला दोनदा रेटा दिला, टोक मुठीत धरलं आणि वरचा मग खाली, मी दोन हात अंतरावर बसलेली असून उठेपर्यंत सगळं झालेलं. पाणी कोमट होतं म्हणून निभावलं. म्हणून "नजर ठेवू की" हे मला पटत नाही, वॉकरचे बरेचसे अपघात मोठी माणसं समोर असतानाच होतात. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात १५ महिन्यांच्या आतल्या २ लाख ३० हजारांहून जास्त बाळांना वॉकरमुळे झालेल्या दुखापतींसाठी इमर्जन्सीत न्यावं लागलं, बहुतेकांच्या डोक्याला नाहीतर मानेला मार, आणि चारातली जवळपास तीन जिन्यावरून पडलेली. कॅनडाने तर २००४ मध्ये विक्रीच बंद केली, सेकंडहँडसुद्धा.

बरं, चालायला तरी लवकर शिकतं का? नाही. उलट उशीर होऊ शकतो. तोल सावरायची वेळच येत नाही, ट्रेमुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत आणि बोटांवर ढकलायची सवय लागते ती वेगळीच.

प्लेपेनचा, म्हणजे बाळाला आत ठेवायच्या जाळीच्या कुंपणाचा, फायदा एकच पण मोठा. तुम्हाला बाथरूमला जायचंय, गॅसवर काहीतरी आहे, दारात कोणी आलंय, अशा वेळी बाळ जिथे ठेवलं तिथेच सापडतं. घेताना जाळी बारीक बघा, भोकं ६ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत, नाहीतर बोटं किंवा बटणं अडकतात. बाजू पूर्ण वर करून लॉक करायची, अर्धी खाली ठेवायची नाही. आत मोठी खेळणी नकोत, तीच पायरी करून बाळ वर चढतं. आणि बाळ आतून बाहेर चढायला लागलं की वापर बंद. पण तासन्‌तास त्यात ठेवायचं असेल तर घेऊच नका, पंधरा-वीस मिनिटांसाठी ठीक आहे.

चाकं नसलेले, एका जागी गोल फिरणारे स्टँड पण मिळतात, वॉकरपेक्षा बरे, पण थोडाच वेळ.

जमीन मात्र सगळ्यात भारी आणि सगळ्यात कटकटीची, कारण तयारी तुमची असते. रांगणं, बसणं, फर्निचर धरून उभं राहणं, धपकन बसणं, हे सगळं बाळ आपल्या वेगाने करतं आणि पडलं तरी थोड्याच उंचीवरून. आधी तुम्ही स्वतः गुडघ्यांवर सगळी खोली फिरा, खरंच फिरा, मला सोफ्याखाली रिमोटमधून निसटलेली बटण बॅटरी सापडली होती आणि अंगावर काटा आला, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतच गंभीर भाजू शकतं. ड्रॉवरचं कपाट भिंतीला पक्कं करा, पडद्याची दोरी वर बांधा, बादलीत पाणी साठवून ठेवू नका, जिन्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे गेट लावा, वरचं तर स्क्रूनेच, नुसतं दाबून बसणारं नको.

घरात दिवसभर एकटंच कोणी बाळाजवळ असेल तर जमीन अधिक प्लेपेन, दोन-तीन माणसं असतील तर नुसती जमीन पुरते, आणि जागा लहान असेल तर एक खोली किंवा एक कोपरा गेटने अडवून तेवढाच सेफ करा, सगळं घर करायच्या नादात काहीच नीट होत नाही.

वॉकर आधीच घरी आला असेल तर दुसऱ्या कोणाला देऊ नका, तिथेही बाळच बसणार. आम्ही चाकं काढून भंगारात टाकला, गिफ्ट देणाऱ्या आत्यांना अजून सांगितलेलं नाही.