ड्रॅगन एज २ : एक कथा पुरुष हॉकला, दुसरी स्त्री हॉकला

बायोवेअर या कॅनडातील कंपनीचा ‘ड्रॅगन एज २’ हा व्हिडिओ खेळ २०११ मध्ये आला, तेव्हा त्याच त्या गुहा पुन्हापुन्हा वापरल्याबद्दल त्याच्यावर भरपूर टीका झाली आणि ती रास्तच होती. मी मात्र तो नुकताच दोनदा, एकदा पुरुष हॉक (हे नायकाचे आडनाव; तो पुरुष की स्त्री हे आपण ठरवायचे) आणि एकदा स्त्री हॉक घेऊन, पूर्ण खेळलो, ते त्यातील प्रेमप्रकरणांसाठी. अँडर्स, फेनरिस, मेरिल आणि इझाबेला या चौघा साथीदारांपैकी कोणाशीही, नायक पुरुष असो वा स्त्री, प्रेम जुळवता येते; डीएलसीमधून (वेगळ्याने घ्यायच्या पुरवणीतून) येणारा साथीदार सबॅस्टियन तेवढा केवळ स्त्री हॉकसाठी आहे. त्यामुळे हे चौघे बायसेक्शुअल आहेत असे सर्रास म्हटले जाते. (मराठीत यासाठी काही जण ‘उभयलिंगी’ लिहितात, पण तो शब्द गांडुळाच्या धड्यातला आहे, हवा तो ‘उभयलैंगिक’.)

दुसऱ्या फेरीत मात्र या समजाला तडा जातो. सुरुवातीच्या एका मोहिमेत अँडर्स आपल्याला किर्कवॉल शहराच्या चँट्रीत, म्हणजे तिथल्या प्रार्थनामंदिरात, कार्ल नावाच्या जादूगाराला सोडवण्यासाठी घेऊन जातो. कार्लचे मन आधीच बधिर करून टाकलेले असते. तो क्षणभर भानावर येतो आणि मरण मागतो. त्यानंतर डार्कटाउन या वस्तीतल्या अँडर्सच्या दवाखान्यात पुरुष हॉक बोलायला गेला, तर कार्लशी आपले प्रेमसंबंध होते हे अँडर्स त्याला सांगतो. स्त्री हॉकपुढे तो याबद्दल अवाक्षर काढत नाही. तो संकोचाने लपवत असेल असे म्हणावे, तर तसे सुचवणारे एकही वाक्य त्याच्या तोंडी नाही. पुरुषाला बाई आवडू लागली की त्याचे आधीचे पुरुषावरचे प्रेम हिशेबातून वगळायचे, ही बाहेरच्या जगातली खोड खेळाच्या संहितेतही उतरली आहे, कदाचित अजाणता.

इझाबेलाच्या बाबतीत असे होत नाही. आपण तिच्या वाटेला गेलो नाही तरी तिची आवडनिवड तिच्या चावट गप्पांमधून कळत राहते, आणि याच मालिकेतल्या २००९ च्या ‘ओरिजिन्स’ या पहिल्या खेळातही ती स्त्री-पुरुष दोघांकडे तितक्याच मोकळेपणाने ओढली जात होती. नायक कोण आहे यावर तिचा स्वभाव ठरत नाही. मालिकेतल्या पुढच्या, २०१४ च्या ‘इन्क्विझिशन’मधला आयर्न बुल याच जातीचा: नायक स्त्री असो वा पुरुष, तो दोघांशी जुळवतो, आणि त्याला व डोरियन या दुसऱ्या पुरुष साथीदाराला आपण मोकळे सोडून वारंवार बरोबर नेले, तर ते दोघे आपसांतच जुळवतात.

मेरिल आणि फेनरिस यांबाबत इतके काही हाती लागत नाही. मात्र चौघांशीही मैत्रीतूनच नव्हे तर मतभेदांतूनही प्रेम जुळू शकते, ही सोय मला फार आवडली.

सवलतीत मिळाला तर खेळ अवश्य घ्यावा. दोन फेऱ्यांना वेळ नसेल, तर पुरुष हॉक निवडावा. कार्लची गोष्ट त्यालाच पुरती ऐकायला मिळते.