एसडीएल की रंगीत पेट्री नेट? टेलिफोन सेवा आखण्याआधी

फोन एंगेज आहे. ग्राहकाने कॉल वेटिंग घेतलंय, शिवाय 'एंगेज असेल तर कॉल दुसऱ्या नंबरवर वळवा' हेही. तेवढ्यात आणखी एक कॉल येतो. आता कानात बीप वाजवायचा की कॉल वळवायचा? दोन्ही सेवा वेगवेगळ्या तपासा, चोख चालतात. त्या एकाच लाइनवर आल्या की भांडण सुरू. ते कोड लिहिण्याआधी चित्रातच पकडायचं, तर चित्रातल्या प्रत्येक खुणेचा अर्थ काटेकोर ठरलेला हवा. यूएमएल या सॉफ्टवेअर आखण्याच्या सर्वसाधारण चित्रभाषेची सैल चित्रं बैठकीत समजावून सांगायला बरी, पडताळणीला अपुरी.

म्हणून इथे तुलना दोन काटेकोर चित्रभाषांची: एसडीएल आणि रंगीत पेट्री नेट. एसडीएल ही टेलिकॉमच्या घरातलीच. 1976 पासूनची आंतरराष्ट्रीय शिफारस, आज आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची झेड.100. कॉलची प्रत्येक स्थिती, येणारा-जाणारा सिग्नल, टायमर, सगळं चौकटींत दिसतं. एक्स्चेंजवर काम केलेला माणूस ते चटकन वाचतो, आणि त्यातून सी कोडही काढता येतो.

पण तिचा एक नियम मला फार धोक्याचा वाटतो. एखाद्या स्थितीत न लिहिलेला सिग्नल आला, तर तो गुपचूप टाकून दिला जातो. समजा, कॉल वळवताना उत्तराची वाट पाहिली जातेय आणि कॉल करणाऱ्याने फोन ठेवला. तो सिग्नल त्या स्थितीत लिहायचा राहिला, तर लाइन अडकून बसेल आणि चित्रात मात्र काहीच खटकणार नाही. 'सेव्ह' वापरून सिग्नल पुढच्या स्थितीसाठी राखता येतो, पण ते आठवायला हवं.

पेट्री नेटच्या चित्रात जागा, त्यांत ठेवलेली टोकनं आणि टोकन उचलून पुढच्या जागेत टाकणाऱ्या चौकटी, म्हणजे ट्रान्झिशन्स, असतात. टोकन कोणी उचललं नाही, तर ते जागेवरच पडून राहतं आणि डोळ्यांत भरतं. वरचं भांडणही तिथे स्पष्ट दिसतं: आलेल्या कॉलचं टोकन एकच आणि त्यावर टपलेली ट्रान्झिशन्स दोन. मूळ कल्पना कार्ल अ‍ॅडम पेट्रींच्या 1962 च्या प्रबंधातली; टोकनला माहिती जोडणारं रंगीत रूप डेन्मार्कच्या कुर्ट येन्सेन यांचं. अशी नेट काढून तपासायचं सॉफ्टवेअर, सीपीएन टूल्स, मोफत मिळतं, मात्र त्यासाठी स्टँडर्ड एमएल ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडी शिकावी लागते.

जुन्या सेवांच्या गर्दीत नवी सेवा घालत असाल, तर आधी पेट्री नेटच घ्या. सेवा एकटीच असेल आणि आराखडा थेट प्रोग्रॅमरच्या हाती द्यायचा असेल, तर एसडीएल. पेट्री नेटची सुरुवात तीन ग्राहक आणि दोन सेवांपासून करा. चौथा ग्राहक जोडल्यावर स्थितींची संख्या किती फुगते ते पाहा आणि मगच पुढचा आवाका ठरवा.